वाढ येते कुठून, मुरते कुठे: कोल्हापुरात बसून अर्थव्यवस्था तपासण्याची रीत

बाजार खुला झाला की देश वाढतो, हे वाक्य उत्तरपत्रिकेपासून भाषणापर्यंत सगळीकडे भेटतं. त्याच्या शेजारी आणखी दोन वाक्यं उभी असतात: शिक्षण-आरोग्य सुधारलं की देश वाढतो, आणि भ्रष्टाचार घटला की देश वाढतो. तिन्ही खरी आहेत, पण सुटी सुटी घेतली तर त्यांतून काहीच हाती लागत नाही. खुल्या बाजाराचा फायदा कोण उचलू शकतो हे माणसांच्या शिक्षणावर आणि तब्येतीवर ठरतं, आणि उचललेल्यातलं किती टिकतं हे कारभारावर ठरतं. म्हणून या तीन गोष्टी एकत्र कशा तपासायच्या, तेच इथे पायरीपायरीने मांडतो आहे. शिवाजी विद्यापीठात प्रकल्प करणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, तालुक्याचे पत्रकार, ग्रामपंचायतीचे सदस्य, कुणालाही ही रीत वापरता येईल. लागतं ते एक स्प्रेडशीट आणि थोडी पायपीट.

कोल्हापूर यासाठी उत्तम जागा आहे, कारण हे तिन्ही धागे इथे शंभर वर्षांहून जुने आहेत. १८९१ मध्ये मिरजेपर्यंत रेल्वे झाली आणि इथला गूळ दूरच्या पेठांना जोडला गेला. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १९१८ मध्ये वंशपरंपरेने चालणारी कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले. बाजार, शाळा आणि सरकारी कारभार, तिन्हींना एकाच राज्यकर्त्याच्या हयातीत हात लागला. आज आपण मोजायचं आहे तेही हेच.

पायरी १: प्रश्न लहान करा

‘जागतिकीकरणाचा विकसनशील देशांवर परिणाम’ असा विषय घेऊ नका. एक वस्तू, एक परिसर आणि एक कालखंड निवडा. ‘१९९१ नंतर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) कामगारांचं शिक्षण आणि मजुरी कशी बदलली’ हा प्रश्न झाला. ‘शिरोळ आणि गगनबावडा या दोन तालुक्यांत साखरेच्या पैशाने शाळा किती बदलल्या’ हाही झाला.

कालखंड निवडताना धक्क्याची वर्षं आत येतील असं पाहा, कारण धक्का बसला की कारण आणि परिणाम थोडे वेगळे दिसू लागतात. जुलै १९९१ चं रुपयाचं अवमूल्यन आणि उदारीकरण, २००८ ची जागतिक मंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर लावलेलं ५० टक्के आयातशुल्क. यातले निदान दोन धक्के तुमच्या कालखंडात यावेत.

‘उदयोन्मुख बाजारपेठ’ हा शब्दप्रयोग १९८१ मध्ये जागतिक बँकेच्या गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात आंत्वान व्हान अग्टमाल यांनी रूढ केला, आणि तो गुंतवणूकदारांसाठी होता. त्यामुळे या देशांच्या याद्या संस्थेगणिक बदलतात. तुम्ही कोणती यादी घेतली, ते पहिल्याच पानावर लिहा.

पायरी २: जागतिकीकरण मोजा, देशाचं आणि गल्लीतलं

देशाच्या पातळीवर सर्वांत सोपं माप म्हणजे निर्यात अधिक आयात, भागिले जीडीपी. भारतात हे प्रमाण १९९० मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०१२ पर्यंत ५५ च्या घरात गेलं. पुढे ते खालीवर होत राहिलं. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर ही आकडेवारी फुकट मिळते. यापेक्षा बारीक माप हवं असेल तर झुरिकच्या केओएफ संस्थेचा जागतिकीकरण निर्देशांक घ्या. तो आर्थिक, सामाजिक आणि राजकीय असे तीन भाग करतो, आणि प्रत्यक्ष व्यवहार वेगळे, नियम-धोरणं वेगळी मोजतो.

हा शेवटचा फरक ऊसपट्ट्यातल्या माणसाला पटकन कळेल. जगात साखरेला भाव असतो, कारखान्यात साखरही असते, पण १ जून २०२२ पासून केंद्राने साखर निर्यात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून किती पोती बाहेर जातील हे दिल्लीच्या परवानगीवर ठरतं. बंदर तेच, जहाज तेच, पण धोरणाचा दरवाजा अर्धा लावलेला. नुसती निर्यातीची आकडेवारी पाहणाऱ्याला वाटेल की मागणीच घटली.

आता गल्लीत या. फाउंड्रीचं जागतिकीकरण सरकारी आकड्यांत अर्धंच दिसतं. उद्यमनगरात किंवा शिरोलीत ओतलेलं कास्टिंग (ओतीव भाग) पुण्याच्या एखाद्या कंपनीकडे जातं, तिथे मशीनिंग होऊन इंजिनात बसतं आणि ते इंजिन परदेशी जातं. कोल्हापूरच्या मालकाच्या वहीत ती देशांतर्गत विक्री असते. परदेशात ट्रॅक्टरची मागणी घटली की त्याच्याकडचं ऑर्डरचं शेड्यूल मात्र घटतंच. म्हणून कारखान्यात गेल्यावर ‘निर्यात करता का’ एवढ्यावर थांबू नका. आणखी चार गोष्टी विचारा: माल शेवटी कुठल्या देशात जातो, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचा भाव कुठल्या बाजाराकडे पाहून ठरतो, गिऱ्हाईक कोणतं गुणवत्ता प्रमाणपत्र मागतं, आणि पैसे किती दिवसांनी मिळतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. जागतिक साखळीत तळाशी असलेल्याला ऑर्डर मिळते, पण भांडवल अडकून पडण्याचा धोकाही त्याच्याच गळ्यात येतो.

वस्तूचा एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात तिला दिलेला वर्गीकरण क्रमांक, शोधून ठेवा. लोखंडी कास्टिंगसाठी ७३२५, इंजिनाच्या भागांसाठी ८४०९, चामडी वरच्या भागाच्या पादत्राणांसाठी ६४०३. हा कोड घेऊन वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात आकडेवारीत देशनिहाय, वर्षनिहाय तक्ता काढता येतो.

चपलेचं उदाहरण स्वतंत्रपणे पाहण्यासारखं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) मिळालं. ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, आणि दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच घडणीची पायताणं दिसली. नावाचा उल्लेख नव्हता, म्हणून इथे संताप झाला, आणि मग कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. अभ्यासकाने इथे भावनेच्या पुढे जाऊन विचारायचं ते असं: १९९९ च्या भारतीय कायद्याखालची ही नोंद देशाच्या हद्दीतच संरक्षण देते, मग परदेशात नोंदणी करायला लागणारे वकील, पैसा आणि संघटना कारागिरांकडे आहे का? बाजार तर मिलानपर्यंत पोचला. त्या बाजारात आपला हक्क बजावायची ताकद हा पुढच्या पायरीचा विषय.

पायरी ३: मानव विकास निर्देशांक स्वतः काढून पाहा

हा निर्देशांक १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साथीने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आणला. बहुतेक जण तो उतरवून घेतात. एकदा हाताने काढा, म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कळेल.

भारताचे २०२३ चे आकडे घ्या: आयुर्मान ७२.० वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं १३.०, प्रौढांची सरासरी शालेय वर्षं ६.९, दरडोई उत्पन्न क्रयशक्तीनुसार सुमारे ९,०४७ डॉलर.

आयुर्मानाची किमान मर्यादा २० आणि कमाल ८५ धरतात. (७२ − २०) ÷ ६५ = ०.८००.
शिक्षणाचे दोन भाग: १३ ÷ १८ = ०.७२२ आणि ६.९ ÷ १५ = ०.४६०. सरासरी ०.५९१.
उत्पन्नाला लॉगरिदम लावतात, किमान १०० आणि कमाल ७५,००० डॉलर धरून. उत्तर ०.६८१.
तिघांचा गुणाकार ०.३२२, आणि त्याचं घनमूळ ०.६८५. अहवालात भारतापुढे हाच आकडा आहे, १९३ देशांत १३० वा क्रमांक.

आता त्याच तक्त्यात एक बदल करा. प्रौढांची सरासरी शालेय वर्षं ६.९ ऐवजी ८.८ घाला, बाकी सगळं तसंच ठेवा. निर्देशांक ०.७०९ होतो आणि देश ‘उच्च’ गटात जातो, कारण ती रेषा ०.७०० ला आहे. शिक्षण मूळ जागी ठेवून दरडोई उत्पन्न सरळ दुप्पट केलं तर निर्देशांक ०.७१९ होतो. सुमारे दोन वर्षांच्या जादा शाळेने निर्देशांकात जेवढी वाढ होते, तिच्या दीडपटीहूनही कमी वाढ उत्पन्न दुप्पट करून मिळते. अर्थात हा निर्देशांकाच्या बांधणीचा परिणाम आहे, पण शिक्षणाची पडझड किती महाग पडते याचा अंदाज त्यातून येतो. शिवाय १३.० आणि ६.९ यांमधलं अंतर पाहा. आजचं मूल जेवढं शिकेल असं धरलं आहे, त्याच्या जेमतेम निम्मं त्याच्या घरातल्या मोठ्यांनी शिकलेलं आहे. कारखान्यात आज काम करतात ते हे मोठे.

जिल्ह्याच्या पातळीवर आकडेवारी तीन जागी सापडते: राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रकं (पाचवी फेरी २०१९-२१ ची), आणि शाळांसाठी यूडायस. बाराही तालुके वेगवेगळे मांडा. करवीर-हातकणंगल्याची सरासरी शाहूवाडी, गगनबावडा आणि चंदगडला झाकून टाकते.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८१.५१ टक्के होती. ऊस, दूध, यंत्रमाग, फाउंड्री, चांदी असा सधन जिल्हा. त्याच जनगणनेत ० ते ६ वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली ८६३ होत्या. पैसा आला, सोनोग्राफी परवडू लागली, आणि मुली कमी झाल्या. उत्पन्न वाढलं की मानवी विकास आपोआप मागून येतो असं समजणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा. मानव विकास निर्देशांकाच्या मूळ सूत्रात तो कुठेही दिसत नाही.

दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे स्थलांतर. हंगामात ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि फडाशेजारच्या पालात मुलं. त्या मुलांची बुडालेली शाळा बीडच्या खात्यात लिहिली जाते आणि साखरेचं उत्पन्न कोल्हापूरच्या. फाउंड्रीतही मोल्डिंग (साचे करणं) आणि फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करणं) उष्ण, धुळीच्या कामावर उत्तर भारतातून आणि ओडिशातून आलेले कामगार दिसतात. त्यांच्या फुफ्फुसांचा हिशोब इथल्या जिल्हा पत्रकात नीट उतरत नाही. म्हणून तक्त्यात एक रकाना मुद्दाम वाढवा: ‘वाढीला हातभार लावणारे, पण जिल्ह्याच्या मानव विकासात न मोजलेले’. त्यात आकडा भरता आला नाही तरी रकाना ठेवा, आणि कामगारांशी बोलून वर्णन लिहा.

पायरी ४: भ्रष्टाचार मोजताना दिशा सांभाळा

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा भ्रष्टाचार आकलन निर्देशांक १९९५ पासून निघतो. त्यात १०० म्हणजे स्वच्छ आणि ० म्हणजे अतिभ्रष्ट. नावात भ्रष्टाचार असल्यामुळे कित्येक प्रकल्पांत हे चिन्ह उलटं वाचलं जातं आणि सगळा निष्कर्ष उलटतो. २०२४ मध्ये भारताचे गुण ३८ आणि क्रमांक १८० देशांत ९६ वा होता. २०१२ मध्ये पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीचे गुण पुढच्यांशी जोडू नका. एखाद-दुसऱ्या गुणाच्या चढउताराला अर्थ नसतो. आणि हे तज्ज्ञ आणि व्यावसायिकांचं मत आहे, मोजलेली लाच नव्हे. जागतिक बँकेचा ‘भ्रष्टाचारावरील नियंत्रण’ हा निर्देशक १९९६ पासून मिळतो. लांब कालखंडासाठी तो बरा.

लाच दिल्याने काम पुढे सरकतं, म्हणून ताठर नोकरशाहीत तिचा उपयोगच होतो, असं नॅथॅनिएल लेफ यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं. १९९५ मध्ये पाओलो माऊरो यांनी देशादेशांची आकडेवारी लावून दाखवलं की भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी, आणि त्यातूनच वाढीला फटका. माझं मत माऊरोंच्या बाजूचं आहे. लाच घेऊन काम लवकर होऊ लागलं की फाईल मुद्दाम थांबवण्यात फायदा तयार होतो. वेग विकत मिळतो तिथे उशीर हेही दुकान होतं. मोठा कारखानदार तो खर्च पेलतो. चार कामगारांचं वर्कशॉप चालवणाऱ्याला तो मजुरीतून किंवा सुरक्षेच्या साहित्यातून काढावा लागतो.

जिल्ह्यात लाच मोजायला जाऊ नका. वेळ मोजा.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, आणि कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एक सेवा निवडा आणि माहितीच्या अधिकारात विचारा: गेल्या आर्थिक वर्षात अर्ज किती, मुदतीत निकाली किती, मुदतीबाहेर किती, दंड किती जणांना. अर्ज एकाच विषयाचा आणि राज्याच्या नियमानुसार १५० शब्दांच्या आत ठेवा. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस; आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज टाकण्याआधी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर केलं आहे ते बघा, निम्मं तिथेच सापडतं.

दुसरं माप निविदांचं. रस्ता किंवा पाणीयोजनेच्या कामाला किती निविदा आल्या, एकच निविदा आलेली कामं किती, अंदाजपत्रकापेक्षा मंजूर रक्कम किती वर. एकेरी निविदा म्हणजे भ्रष्टाचार सिद्ध झाला असं होत नाही, पण कुठे खोल पाहायचं ते कळतं.

ऊसपट्ट्यात तिसरं माप फार उपयोगी आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे गाळपानंतर नव्हे, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) द्यायची असते, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. कारखानानिहाय थकबाकीचे अहवाल साखर आयुक्तालयाकडे असतात. बिल आणि व्याज वेळेवर मिळालं का, यावरून कायदा कागदावरून शिवारात किती उतरतो ते दिसतं. काटामारीच्या (वजनात फसवणुकीच्या) तक्रारी ऐकाल तर वजनकाट्याच्या तपासणीची तारीख विचारा, आरोप तसाच उतरवून घेऊ नका.

मुलाखतीत ‘तुम्ही लाच दिली का’ असं कधीही विचारू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. ‘तुमच्यासारख्या उद्योगाला असं काम करून घ्यायला साधारण काय काय करावं लागतं’ असं विचारा. नाव, कारखान्याचं नाव, गट नंबर काहीही लिहून ठेवू नका. कुणाला तक्रार करायची असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक द्या आणि तिथे थांबा.

पायरी ५: तिन्ही एकत्र बांधा

आधी नुसत्या डोळ्यांनी. भारत आणि व्हिएतनाम शेजारी ठेवा. २०२४ मध्ये भ्रष्टाचाराच्या निर्देशांकात भारताचे ३८, व्हिएतनामचे ४०, म्हणजे जवळपास सारखेच. पण व्हिएतनामचा व्यापार त्याच्या जीडीपीच्या दीडपटीहून जास्त आहे आणि तिथल्या प्रौढांची सरासरी शालेय वर्षं आठाच्या वर. म्हणजे भ्रष्टाचाराने वाढ थांबते असं सरसकट म्हणता येत नाही. शिकलेले कामगार आणि खुला व्यापार यांची जोडी असेल तर अर्थव्यवस्था बराच भार ओढते. ही तुलना कुणी भ्रष्टाचाराच्या समर्थनासाठी वापरली तर विचारा, तो भार नसता तर किती वाढली असती?

मग गणित, म्हणजे रिग्रेशन: एका गोष्टीच्या चढउताराशी बाकीच्यांचा किती संबंध आहे ते समीकरणाने काढणं. ग्रेटल किंवा आर ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. उदयोन्मुख देशांची १९९६ पासूनची आकडेवारी घ्या, वार्षिक चढउतार जावेत म्हणून पाच-पाच वर्षांची सरासरी करा. समीकरणाच्या डाव्या बाजूला दरडोई उत्पन्नाच्या वाढीचा दर. उजवीकडे व्यापाराचं प्रमाण, शालेय वर्षं, आयुर्मान, भ्रष्टाचारावरील नियंत्रण, आणि सुरुवातीचं दरडोई उत्पन्न.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक टाळा. उजवीकडे सबंध मानव विकास निर्देशांक घालू नका. त्याच्या पोटात उत्पन्न आहे, आणि डावीकडेही उत्पन्नाचीच वाढ आहे. उत्पन्नानेच उत्पन्न समजावून सांगितल्यासारखं होईल. शिक्षण आणि आयुर्मान वेगळे घाला.

त्यानंतर गुणाकाराचं पद जोडा: व्यापार गुणिले शालेय वर्षं, आणि व्यापार गुणिले भ्रष्टाचारावरील नियंत्रण. पहिल्याचा गुणक (समीकरणात त्या पदापुढे येणारा आकडा) धन आला तर शिक्षण जास्त तिथे खुलेपणाचा लाभ जास्त. दुसऱ्याचा धन आला तर कारभार स्वच्छ तिथे लाभ जास्त. गुणाकार घातल्यावर व्यापाराचा एकटा गुणक वाचून निष्कर्ष काढू नका. त्याचा अर्थ आता शिक्षणाच्या पातळीगणिक बदलतो. प्रत्येक देशाचा स्वतःचा इतिहास बाजूला काढायला स्थिर-परिणाम (फिक्स्ड इफेक्ट्स) पद्धत वापरा.

कारण-परिणाम उलटाही असू शकतो. श्रीमंत झालेला देश तपासयंत्रणा, संगणकीकरण आणि चांगले पगार परवडू शकतो, म्हणून तिथे भ्रष्टाचार घटतो. निदान पाच वर्षं मागचे आकडे उजवीकडे घ्या. शंका पूर्ण जात नाही, तेव्हा निष्कर्षात ‘संबंध दिसतो’ असं लिहा, ‘मुळे’ हा शब्द जपून वापरा.

पायरी ६: पडताळायला बाहेर पडा

समजा, समीकरणाने सांगितलं की शिक्षणाशिवाय खुलेपणा वांझ. मग आयटीआयमध्ये जाऊन पाहा, पॅटर्न मेकर आणि मोल्डरचे वर्ग भरतात का, यंत्रं कोणत्या पिढीची आहेत, मुलं कोर्स संपल्यावर शिरोलीत जातात की पुण्याला. उद्योजकाला रिजेक्शनचं प्रमाण विचारा. शंभर कास्टिंगमागे किती परत येतात, यात कामगाराचं शिक्षण, वाळूची तपासणी आणि मालकाची गुंतवणूक तिन्ही उतरतात. फाउंड्रीत एवढा एक आकडा प्रामाणिकपणे मिळाला तरी बरंच हाती लागतं.

कामगारांशी कामाच्या जागी बोलू नका. सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या खोलीवर बोला. बायकांशी बाईनेच बोललेलं बरं.

पायरी ७: लिहा आणि परत द्या

अहवालात तालुकानिहाय तक्ता पुढे ठेवा, समीकरणं मागे. ज्यांनी वेळ दिला त्या उद्योजकांना, शिक्षकांना, कामगारांना चार पानांचा मराठी सारांश द्या आणि चूक असेल ते दाखवायला सांगा. एक प्रत जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा, तिचा वार्षिक आराखडा ठरण्याआधी पोचेल अशा बेताने. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं वर्ष लिहा. लोकसंख्येचे तालुक्याचे आकडे सध्या २०११ चे आहेत, ते तसेच लिहा आणि शेजारी एक रकाना रिकामा ठेवा. १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेच्या जनगणनेचे तालुक्याचे आकडे जाहीर झाले की तो भरा, आणि मुलींचं प्रमाण सर्वांत आधी तपासा.